अंगझडती देऊ केली असता

बाईची झडती बाईनंच घ्यायची, असा कायदा आहे. त्या एका ओळीवर माझी एकतीस वर्षांची नोकरी चालली. मी पोलिसात होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण मी ना कधी मोठा चोर पकडला, ना कुणाच्या मागे गल्लीबोळांतून धावले. सोलापुरात तेव्हा बायका पोलीस मोजक्याच. कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत एखादी बाई सापडली की आमच्याकडे फोन यायचा, "मॅडमना पाठवा, बाई आहे." मी ताटावरून उठून जायचे. झाकून ठेवलेली भाकरी परत येईपर्यंत कडक झालेली असायची. आम्हा सोलापूरकरांना तशीही ती कडकच आवडते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, झडती म्हणजे खिसे चाचपणं. तसं नसतं. पुरुष पोलिसाला बाईच्या अंगाला हात लावता येत नाही, हे जितकं आम्हाला ठाऊक असतं तितकंच माल पुरवणाऱ्यालाही असतं. म्हणून हातभट्टी असो, गांजा असो, नाहीतर नशेच्या गोळ्या, माल बाईच्या अंगावर बांधतात. सापडली तर बाई जाते, पुरवणारा घरी चहा पीत बसतो. मग मला बोलावणं येतं. आडोशाची खोली शोधायची, दोन बायका पंच म्हणून गाठायच्या आणि अंबाड्यापासून चपलेपर्यंत क्रमानं बघत जायचं. यातलं सगळ्यात अवघड काम पंच गाठण्याचं. "कोर्टाचं लचांड नको गं बाई," म्हणून बायका पटापट दारं लावून घ्यायच्या.

माझ्या हातून काही सुटत नाही, असा माझा लौकिक होता आणि मला त्याचा अभिमानही होता. गंगव्वा नावाची एक म्हातारी हातभट्टी विकायची. साठी उलटलेली, आणि एक दिवस बघते तर पोट सातव्या महिन्याचं. मी म्हटलं, "गंगव्वा, यंदा बारसं कुठं करायचं?" तिनंच हसत हसत पदर बाजूला केला आणि रबरी फुगा सोडून माझ्या हातात दिला. "घे बाय. लई जड झालतं." पुढं कधीही सापडली की मला बघताच आपणहून हात वर करायची आणि माझ्या मुलीचा निकाल काय लागला ते विचारायची.

सगळ्याच गंगव्वा नसतात. माझ्या आधीच्या हवालदारबाईंनी मला एक खूण शिकवली होती. त्या म्हणायच्या, "हात लावायच्या आधी तिच्या खांद्यांकडं बघ. जी अंग चोरते, तिच्याकडं माल असतो." मी ही खूण वर्षानुवर्षं वापरली आणि पुढं नव्या मुलींनाही शिकवली. ती बहुतेक वेळा खरी ठरायची, म्हणून ती का खरी ठरते, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

एकदा मात्र ती सपशेल चुकली. एसटी स्टँडवर एका मुलीला संशयावरून थांबवलं होतं. वीस-एकवीसची असेल. मी हात लावताच ती भिंतीला चिकटली. माझी खात्री पटली. मी तिची तीनदा झडती घेतली. काही सापडलं नाही. तिसऱ्या खेपेनंतर तिनं कोपऱ्यात तोंड करून उलटी केली. मी तिला पाणी दिलं, "जा" म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. तिची माफी मागायची राहून गेली, ती आता कुठं मागणार?

आता मुख्य गोष्टीकडे येते. झडतीचा एक रिवाज आहे. पोलिसानंच माल आणून अंगावर टाकला, असं कुणी म्हणू नये म्हणून झडती घेणाऱ्यानं आधी आपली झडती द्यायची तयारी दाखवायची. पंचनाम्यात ते वाक्य ठरलेलं असतं, "आम्ही आमची अंगझडती देऊ केली असता सदर महिलेने नकार दिला." शेकडो पंचनाम्यांत ते माझ्या नावानं लिहिलेलं आहे. मी बांगड्या मागे सारता सारता विचारायचे, "माझी झडती घ्यायची का?" आणि उत्तराची वाट न बघता सुरुवात करायचे. पोलिसाची झडती कोण घेतंय!

सुवर्णानं घेतली.

उन्हाळ्यातली दुपार होती. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात दोन खोल्यांचं घर. तिथून मागावरच्या कामगारांना नशेच्या गोळ्या जातात, अशी खबर होती. सासरा उंबऱ्यावर बसला होता. साहेबांनी विचारायच्या आतच तो म्हणाला, "मला काय ठाव न्हाय साहेब. सुनेचं सुनेलाच इचारा." सुवर्णा आत शिलाई मशीनवर शाळेच्या गणवेशाच्या चड्ड्या शिवत होती. तिशीच्या आतली, काटक, मैंदर्गीकडची. आतल्या खोलीत आम्ही चौघी होतो: ती, मी, पंच म्हणून गाठलेल्या एक विडी वळणाऱ्या मावशी आणि अंगणवाडीतली एक मदतनीस.

मी सवयीनं विचारलं, "माझी झडती घ्यायची का?"

"घेते की," ती म्हणाली.

पंच मावशी फिसकन हसल्या. मी म्हटलं, "काय?"

"तुमीच म्हनलात न्हवं? घेते झडती."

नियम म्हणजे नियम. मी हात बाजूला करून उभी राहिले. ती जवळ आली आणि तिनं विचारलं, "हात लावू का?"

इतकी वर्षं मी हे काम केलं, पण हा प्रश्न मी कुणालाही विचारला नव्हता. मी मान हलवली. तिचे हात हळू चालत होते. अंबाडा झाला, मान झाली, खांदे झाले. डाव्या दंडाला तिचा हात लागला आणि मी झटकन अंग मागे घेतलं. ती थांबली. गणवेशाच्या बाहीखालून चट्ट्याची कड दिसत होती. आदल्या दिवशीच्या कामामुळे घरी जायला उशीर झाला, स्वयंपाक उशिरा झाला, आणि माझ्या यजमानांनी गॅसवरचं तापलेलं उलथनं उचललं होतं. ही गोष्ट तोवर मी आईलाही सांगितली नव्हती. यजमान आता हयात नाहीत, म्हणून लिहिते आहे. ते असते तर लिहिलं नसतं, हेही खरंच सांगते.

"कवाचं हाय?" तिनं अगदी हळू विचारलं.

"कालचं."

तिनं माझी बाही खाली ओढून नीट केली. मग पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कायबी न्हाय मॅडमकडं. घ्या आता माझी."

त्या दिवशी मीही पहिल्यांदा विचारलं, "हात लावू?" तिनं डोळे मिटले आणि हो म्हटलं. खांदे वर चढले, अंग लाकडासारखं झालं. परकराच्या आत कमरेला शिवलेल्या कापडी पिशवीत गोळ्या होत्या. माझी खूण पुन्हा खरी ठरली होती.

बाहेर माल मोजून लाखबंद होईपर्यंत मी आणि ती आतच बसलो. पंच बायका दारात हवेला जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मी काहीच विचारलं नाही, तीच बोलायला लागली. नवरा भिवंडीला मागावर कामाला गेला, तो परत आलाच नाही. मग सासरा. तिनं तेवढंच म्हटलं, "मग सासरा." आणि मशीनचं चाक हातानं फिरवत बसली. शेजारच्या एका बाईनं तिला झोपेची गोळी दिली.

"एक गोळी घेतली की सकाळपातुर कायबी कळायचं न्हाय. मला तेच पायजे हुतं, मॅडम. मग एकीनं भागंना."

"आणि हा धंदा? तो कशाला केलास?"

"धंदा कुटला? मी नुसती बाळगती. गोळ्या फुकट मिळत्यात, ते एक. आन् दुसरं..." ती थांबली. "ज्येचा माल हाय, त्येला समदी गल्ली भेते. सासराबी भेतोय. त्येचा माल अंगावर असला की मला कोन हात लावत न्हाय. म्हनून मी घरात कुटं ठेवतच न्हाय. झोपतानाबी अंगावरच."

वीसेक वर्षं मी ती खूण उलटी वाचत आले होते. माल असतो म्हणून ही बाई अंग चोरत नव्हती. अंग चोरायची पाळी आली, म्हणून तिनं माल अंगावर बांधून घेतला होता. माझ्या हातून गेलेल्या कितीतरी बायका मला आठवल्या. कुणी पाठ भिंतीला लावायची, कुणी दाताखाली ओठ धरायची, कुणी उगाच हसत सुटायची. त्या सगळ्यांकडे माल सापडला होता आणि मी प्रत्येक वेळी खूश होऊन बाहेर आले होते. पुरवणाऱ्यांनाही अशाच बायका लागतात. जिला जायला दुसरी जागा नाही आणि जी कुणाला काही सांगणार नाही, तीच बाई ते निवडतात. माझी खूण त्यांनाही ठाऊक होती, फक्त ते तिचा उपयोग माझ्या आधी करत होते.

मी तिला म्हटलं, "सासऱ्याविरुद्ध तक्रार दे. मी लिहून घेते."

तिनं माझ्या बाहीकडे बघितलं. "तुमी दिली?"

मी बाही आणखी खाली ओढली. मग तिनं एकच गोष्ट मागितली. अकरा वर्षांची मुलगी होती तिला, भाग्या. "तिला मैंदर्गीला अव्वाकडं पोचवा. आजच. दिवस मावळायच्या आत."

कायद्यानं ते माझं काम नव्हतं. साहेबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. तिला ठाण्यात सोडलं आणि गणवेशातच परत गेले. सासरा दारात आडवा आला. "नात माझी हाय, तुमचा काय संबंध?" मी म्हटलं, "बाजूला व्हा." आयुष्यात कुठल्या पुरुषाला मी त्या आवाजात बोलले असेन, तर तेवढंच. अक्कलकोटमार्गे एसटीनं मैंदर्गीला गेलो. वाटभर पोर दप्तर पोटाशी धरून बसली होती. आजी कानडी बोलणारी. तिला मी मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं, पण तिनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "बा," म्हणजे ये, एवढंच म्हणाली आणि पोरीला पदराखाली घेऊन आत गेली. सुवर्णाचा भाऊ मात्र मला बाहेरपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "पोरीला ठेवून घेतो. तिला न्हाय. गावात तोंड दाखवायचं हाय आमाला."

ठाण्यात परत आले तेव्हा पंचनामा तयार होता. वाचला. 'सदर महिलेने नकार दिला.' मी लेखनिकाला म्हटलं, "अहो, तिनं माझी झडती घेतली." तो हसला. "मॅडम, सगळीकडं हेच लिहितात. त्या एका ओळीसाठी आता चार पानं परत लिहू का?" मी सही केली. सुवर्णानंही केली, तिला वाचून कुणी दाखवलं नव्हतं.

काही महिन्यांनी तिला जामीन मिळाला. भावानं घरात घेतलं नाही, म्हणून ती त्याच दोन खोल्यांत, त्याच सासऱ्याकडे परत गेली. मला हे कळलं होतं. आपण काय करू शकतो, असं मी स्वतःला म्हटलं. असं म्हटलं की आपल्यावरची जबाबदारी संपते, हा माझा तेव्हाचा अनुभव.

दोनेक वर्षांनी साक्षीचं समन्स आलं. यजमान मला स्कूटरवर सोडायला आले. मी कुणाशी बोलते, कुठं थांबते याच्यावर त्यांचं लक्ष असायचं. बाहेर ऊन, म्हणून ते आत येऊन मागच्या बाकावर पंख्याखाली बसले.

पंच बायकांनी आधीच हात वर केले होते, "आम्ही सही केली, वाचलं न्हाय, आठवत न्हाय." राहिले मी. सुवर्णाला सरकारनं दिलेला वकील तरुण होता आणि पोटतिडकीनं काम करणारा होता. माल पोलिसांनीच टाकला असेल, या मुद्द्यावर त्याची सगळी भिस्त होती. त्यानं पंचनामा हातात धरला. "तुम्ही आरोपीला स्वतःची झडती देऊ केली होती?"

"हो."

"मग आरोपीनं काय केलं?"

प्रश्न साधा होता. त्यानं तो नेमानं विचारला होता. त्याला खरं काय झालं ते माहीत नव्हतं, म्हणजे सुवर्णानं त्याला सांगितलेलं नव्हतं. मी खरं सांगितलं असतं, तर पंचनामा एका जागी खोटा ठरला असता. एका जागी खोटा ठरलेला पंचनामा पुढं किती टिकतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं होतं. ती सुटली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता: तिनं झडती घेतली, तर तिला तुमच्या अंगावर काय आढळलं? आणि मला भर कोर्टात दंड उघडा करावा लागला असता. मी मागे बघितलं. यजमान पंख्याखाली बसून माझ्याकडेच बघत होते.

"नकार दिला," मी म्हणाले.

लेखनिकाचं खोटं सवयीचं होतं. माझं तसं नव्हतं. मी शपथ घेऊन, समजून उमजून खोटं बोलले, आणि ज्या बाईनं चार माणसांत माझी लाज झाकली होती, तिच्याविरुद्ध बोलले. या गोष्टीला मी दुसरं नाव शोधून बघितलं, सापडलं नाही.

निकालाच्या दिवशी मी रजेवर असायला हवं होतं. पण फोन आला, "मॅडम, बाई आहे. तुरुंगात पोचवायला बाई पाहिजे." कोर्टात गेले, तर ती सुवर्णाच. न्यायाधीशांनी तिला विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" तिनं हात जोडले. "न्हाय साहेब." तिला शिक्षा झाली.

गाडीत मागं आम्ही दोघीच होतो. कोर्टापासून तुरुंग काही लांब नाही. मला गप्प बसवेना.

"वकिलाला का सांगितलं नाहीस? झडती घेतली होतीस म्हणून?"

"सांगनार हुते, अक्का," ती म्हणाली. आधी ती मला मॅडम म्हणायची. "पर तुमी पिंजऱ्यात हुब्या ऱ्हायलात आन् मागं बघितलंत. पंख्याखाली बसल्याला, त्योच न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मंग कसं सांगायचं? कोर्टातनं तुमी त्येच्याच गाडीवर घरला जानार हुतात की."

मला रडू फुटलं. गणवेशात मी कधी रडले नव्हते. तिनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही, आणि ते बरं केलं. भाग्या सातवीला गेली, कानडीसुद्धा वाचते, एवढं तिनं मध्येच सांगितलं. मग जरा वेळानं विचारलं, "आत गोळी मिळत न्हाय न्हवं?"

"नाही. पहिले दिवस फार जड जातील. तिथं डॉक्टर असतात, त्यांना सगळं सांग. लपवू नकोस."

"रातच्याला दार लावत्यात का तितं?"

"लावतात. कुलूप असतं."

"कुनीकडनं?"

"बाहेरून."

"किल्ली?"

"तिथल्या बाईकडं. आत सगळ्या बायकाच असतात. पुरुषाला तिकडं जाता येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी खरं बोलते आहे की नाही ते बघत असावी. गाडी वळली आणि फाटकापुढं थांबली.

"मंग लागंल झोप," ती म्हणाली, आणि माझ्या आधी उठून उभी राहिली.